आयईएलटीएसच्या बोलण्यात अडकले आहे, खेड्यात राहून तयारी कशी करावी?

पैनगंगाकाठची | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार. मी उमरखेड तालुक्यातली. बी.एस्सी. नर्सिंग झालं आहे, पाच वर्षांपासून एका दवाखान्यात नोकरी करते. इंग्लंडात नर्स म्हणून नोंदणी करायची आहे. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला, म्हणजे एनएमसीला, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं आणि बोलणं या तिन्हींत ९ पैकी ७ आणि लेखनात ६.५ लागतात. मागच्या महिन्यात नागपूरला परीक्षा दिली. ऐकणं ७.५, वाचन ७, लेखन ६.५, बोलणं ६.५. एकूण ७ आले, पण अर्ध्या गुणासाठी गाडी अडली.

काय झालं ते खरंखरं सांगते. बोलण्याच्या परीक्षेत एक विषय लिहिलेलं कार्ड देतात, त्यावर एकटीने बोलायचं असतं. क्लासमध्ये आम्हाला अशा चाळीस कार्डांची उत्तरं लिहून दिली होती. ती मी रात्रपाळीत, पहाटे, एसटीत बसून तोंडपाठ केली. परीक्षेत कार्ड आलं पाण्याजवळच्या एखाद्या जागेबद्दल, जिथे तुम्ही जाऊन आलात. मला पाठ होतं गोव्याचा समुद्रकिनारा. मी धडाधड बोलत सुटले. सोनेरी वाळू, निळंशार पाणी, सूर्यास्त, सगळं. परीक्षक बाईंनी ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, तुमच्या गावाहून तिथे जायला किती वेळ लागतो? तुमच्यासोबत कोण होतं?

मी गोवा पाहिलेलं नाही. समुद्रच पाहिलेला नाही. माझी दातखीळ बसली. काहीतरी ततपप केलं आणि त्यानंतरची चारपाच मिनिटं सावरताच आलं नाही.

गावात इंग्रजीत बोलायला कोणी नाही. नागपूर-पुण्यात राहून क्लास लावायला पैसा नाही आणि रजाही नाही. कोणी या वाटेने गेलं असेल तर सांगा.

---

दारव्ह्याची_लेक | सोमवार, रात्री ११:२५

ताई, मी तुझ्याच जिल्ह्यातली. तीन वर्षांपासून इंग्लंडात वॉर्डावर काम करते. तुझी पोस्ट वाचून पोटात कालवलं, कारण माझ्या सोबतच्या दोन मुलींचं असंच झालं होतं.

आधी परीक्षा नेमकी कशी आहे ते बघू. एकूण ११ ते १४ मिनिटं, समोर एक माणूस (काही केंद्रांवर तो पडद्यावर असतो). पहिले चारपाच मिनिटं घर, गाव, काम, आवडीनिवडी. मग कार्ड. विचार करायला १ मिनिट, कागद-पेन्सिल मिळते, आणि १ ते २ मिनिटं एकटीने बोलायचं. शेवटचे चारपाच मिनिटं त्याच विषयाला धरून जरा खोलातली चर्चा. गुण चार गोष्टींना, चारही गोष्टींना सारखेच: न अडखळता आणि सुसंगत बोलणं, शब्दसाठा, व्याकरण, उच्चार.

आता पाठ केलेल्या उत्तराचं. परीक्षक दिवसभर हेच ऐकतात. ती सोनेरी वाळू त्यांनी आठवड्यातून पन्नासदा ऐकली असेल. माणूस पाठ केलेलं बोलतो तेव्हा त्याचा वेग बदलतो, डोळे वर जातात, आवाज सपाट होतो. आणि मग ते नेमका असा प्रश्न टाकतात ज्याचं उत्तर पाठ नसतं. तुझे गुण तिथे गेले.

तू उमरखेडची ना? सहस्रकुंडाला गेलीच असशील. पैनगंगेचा तो धबधबा, पावसाळ्यात दुरूनच ऐकू येणारा आवाज, देवळाकडची गर्दी. त्यावर कोणी काहीही विचारलं तरी तुझ्याकडे उत्तर आहे, कारण तू तिथे उभी राहिली आहेस. तू दुसऱ्याची आठवण सांगायला गेलीस म्हणून फसलीस, इंग्रजीमुळे नाही.

एक विचारते, ओईटीचा विचार केला का? ती आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीचीच परीक्षा आहे. बोलण्यात दोन प्रसंग देतात, तू नर्स आणि समोरचा पेशंट किंवा नातेवाईक. एनएमसीला ती चालते. फी मात्र आयईएलटीएसहून बरीच जास्त.

---

पैनगंगाकाठची | मंगळवार, सकाळी ६:१०

ताई, ओईटीची फी मला झेपणारी नाही. आयईएलटीएसच परत द्यायची. सहस्रकुंडाचं वाचून मात्र रडायलाच आलं. दर श्रावणात जातो आम्ही. मला सुचलंच कसं नाही!

---

कपाशीवाला | मंगळवार, दुपारी १:०५

ताई, मलेबी असंच झालतं. मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. ॲग्री केलं. एम.एस.साठी ६.५ पाहिजे व्हते. गावात इंग्रजी बोलनारा कोनीच नाई. मंग मी काय केलं, रोज संध्याकायी ओसरीवर बसून मोबाईलवर दोन मिनिटाचा अलार्म लावो आन् एका गोष्टीवर बोलो. समोर आजी तुरीच्या शेंगा सोलत बसे. आजीले इंग्रजीचं एक अक्षर समजत नाई. पन ते म्हने, तू मंधातच काहून थांबतं रे?

मंग आमचं ठरलं. मी जेव्हा जेव्हा अडकलो, 'अं अं' केलं, तेव्हा तेव्हा आजीनं एक शेंग बाजूले ठेवाची. पयल्या दिवशी सतरा शेंगा. सतरा! दोन मिनिटात. मले वाटे मी चांगला बोलून रायलो. महिनाभरानं पाच-सहावर आलो. आजी म्हने, आता तू आपल्या मानसासारखा बोलतं.

ऐकनाऱ्याले भाषा समजत नाई तेच बरं हाय. ते फक्त चाल ऐकते. बैल चालता चालता थबकला का चालला, हे पाहाले बैलाची भाषा लागत नाई.

---

मास्तर_वणी | मंगळवार, रात्री ९:१५

कपाशीवाले भाऊ, हे मी माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. दोन-तीन मुलांना या परीक्षेसाठी घरी शिकवतो.

आजीबाईंनी जे केलं ते गुणदानाच्या पहिल्याच मुद्द्याला धरून आहे. ६ आणि ७ यांतला फरक परीक्षेच्या जाहीर निकषांत दिलेला आहे. ६ चा उमेदवार बोलायला तयार असतो, पण मध्येच थांबतो, तेच तेच परत म्हणतो, स्वतःला दुरुस्त करत बसतो आणि त्यात धागा सुटतो. ७ चा उमेदवार लांब बोलू शकतो आणि ऐकणाऱ्याला त्याचे कष्ट जाणवत नाहीत. शब्द शोधताना तोही कधीमधी थबकतो, ते चालतं. व्याकरणातही ७ ला शून्य चुका अपेक्षित नाहीत. बरीच वाक्यं बिनचूक हवीत, काही चुका राहिल्या तरी चालतात. आपली मुलं एका चुकीच्या धास्तीने वाक्य तीनदा मागे घेतात. चूक एका जागी दुखते, मागे घेणं सगळ्या बोलण्याला दुखतं.

आता एक बारकावा. वऱ्हाडीत आपण सगळं 'करून रायलो, जाऊन रायली' असं बोलतो. इंग्रजीत शिरताना तेच 'आयएनजी' होऊन येतं. 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स', 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'ही इज नोइंग मी'. ताईंनी वर लिहिलंय की पाच वर्षांपासून नोकरी करते. हे वाक्य परीक्षेत पहिल्या मिनिटाला येणारच. ते 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स' असंच जिभेवर बसायला हवं. एवढी चार-पाच वाक्यं मात्र जरूर पाठ करा. ती तुमच्याबद्दलची खरी वाक्यं आहेत, त्यांच्या पाठांतराला कोणी पकडत नाही.

---

फाड_फाड_इंग्लिश | मंगळवार, रात्री १०:००

मास्तर, सगळं ठीक, पण ॲक्सेंटचं काय? खेड्यातल्या उच्चाराला ते लोक गुण देत नाहीत. रोज ब्रिटिश सिरियल बघा, त्यांच्यासारखं बोला. आणि मोठे शब्द, म्हणी वापरा. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' टाईपच्या दहा-बारा तयार ठेवल्या की शब्दसाठ्यात ७ पक्के.

---

दारव्ह्याची_लेक | मंगळवार, रात्री १०:३०

भाऊ, राग मानू नका, पण हे चूक आहे आणि यानेच मुली बुडतात. माझ्या वॉर्डात केरळच्या, फिलिपिन्सच्या, नायजेरियाच्या नर्स आहेत. प्रत्येकीची बोली वेगळी. परीक्षेत बघतात ते एवढंच की समोरच्याला कष्ट न पडता समजतं का. आणि कॅट्स अँड डॉग्स म्हणताना मी इथे अजून कोणाला ऐकलं नाही, तीन वर्षं रोज पाऊस बघतेय.

---

मास्तर_वणी | बुधवार, सकाळी ७:४०

ताईंच्या म्हणण्याला दुजोरा. ब्रिटिश बोली उसनी आणली की ती तिसऱ्या मिनिटाला गळून पडते. उच्चारात काम करायचंच तर ते आघातावर करा. मराठीत आपण शब्दाच्या प्रत्येक अक्षराला जवळपास सारखंच वजन देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर, बाकीची ओसरतात. 'फोटोग्राफ' म्हणताना जोर पहिल्यावर, 'फोटॉग्रफी' म्हणताना दुसऱ्यावर. 'हॉस्पिटल' मध्ये पहिल्यावर, 'डिव्हेलप' मध्ये दुसऱ्यावर. जोर चुकला की ओळखीचा शब्दही समोरच्याला ओळखू येत नाही.

दुसरं, भूतकाळाचा शेवट. 'वॉक्ड' चा शेवटचा ध्वनी 'ट' सारखा, एका दमात, 'वॉक-एड' नाही. मुलं एकतर तो खाऊन टाकतात, मग भूतकाळाचा वर्तमानकाळ होतो आणि व्याकरणाचे गुणही जातात, किंवा त्याची दोन अक्षरं करतात. तिसरं म्हणजे 'व्ही' आणि 'डब्ल्यू'. 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठाला टेकवा, 'डब्ल्यू'ला ओठ गोल करा. 'व्हेट' म्हणजे जनावरांचा डॉक्टर आणि 'वेट' म्हणजे ओलं, आपण दोन्ही एकसारखंच म्हणतो. आरशासमोर पाच मिनिटं पुरतात.

---

गोंदियाची_पोरगी | बुधवार, दुपारी ३:२०

मी पण तयारी करतेय. दोन प्रश्न. त्या १ मिनिटात कागदावर काय लिहायचं? मी पूर्ण वाक्य लिहायला घेते आणि वेळ संपतो. आणि प्रश्न समजला नाही तर परत विचारला तर गुण कापतात का?

---

दारव्ह्याची_लेक | बुधवार, रात्री ८:४५

परत विचारल्याचे गुण जात नाहीत. तिसऱ्या भागात तर 'डू यू मीन...' म्हणून स्वतःच्या शब्दांत खात्री करून घेतली तर ती चांगली संभाषणाची रीत आहे. न समजता भलतंच बोलणं महागात पडतं.

१ मिनिटात वाक्य लिहूच नको. पाच-सहा शब्द, तेही मराठीत लिहिलेस तरी चालतं, कागद कोणी तपासत नाही. मी कार्डावरच्या मुद्द्यांच्या खाली दोन गोष्टी हमखास लिहायची: एक माणूस आणि एक क्षण. उदाहरणार्थ कार्ड आलं सणाबद्दल. मी लिहिलं: पोळा, बाबा, शिंगांना रंग, तान्हा पोळा, भावाचा लाकडी बैल. एवढ्यावर दोन मिनिटं सहज निघतात. कारण पोळा म्हटलं की आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावणाऱ्या बाबांचे हात दिसतात आणि तोंड आपोआप चालतं.

तिसऱ्या भागाला सगळे घाबरतात, पण आपल्यासाठी तोच सोपा असायला हवा. तिथे विचारतात, तरुण शहरात का जातात, शेती कशी बदलली, म्हाताऱ्यांकडे कोण बघतं. यातलं काय आपल्याला माहीत नाही? कापूस वेचायला बाई मिळत नाही, सोयाबीन काढायला हार्वेस्टर येतं, शेतकरी मुलाला पोरगी द्यायला कोणी तयार नाही. मत सांगा, कारण सांगा, गावातलं एक उदाहरण द्या, आणि उलट बाजूही बोला. पुण्यात वाढलेल्या मुलाला हे प्रश्न पुस्तकी वाटतात, आपल्याला नाही.

---

कपाशीवाला | बुधवार, रात्री ९:५०

गोंदियाच्या ताई, आनखी एक. आपल्याकडच्या वस्तूले इंग्रजी शब्द नसते. मले कार्ड आलतं घरातली जुनी वस्तू. मी म्हनलं तिफन. आता तिफनीले काय म्हनता? मी घाबरलो नाई. म्हनलं, 'वी कॉल इट तिफन', लाकडाची असते, तीन फन असते, बैल ओढते, वरतून माय मुठीनं चाड्यात बी टाकते आन् नयीतून ते जमिनीत जाते. परीक्षक पुढं झुकून ऐकत व्हता. नाव नाई आलं तर वस्तू समजावून सांगा, त्याचेही गुन भेटते.

---

मास्तर_वणी | बुधवार, रात्री १०:०५

अगदी. ७ च्या निकषात हे स्पष्ट आहे, शब्द नसेल तेव्हा वळसा घालून अर्थ पोहोचवता येणं. पाठ केलेल्या दहा म्हणींपेक्षा ही तिफण वजनदार.

---

पैनगंगाकाठची | बुधवार, रात्री ११:३०

सगळं वहीत उतरवून घेतलं. उद्यापासून ड्युटीवरून आले की गोठ्याजवळ बसून दोन मिनिटं. आजी नाही माझी, पण बाबा आहेत. त्यांना शेंगांचं सांगितलं तर म्हणाले, सरकी घेतो.

एक विचारायचं राहिलं. फक्त बोलण्याचीच परीक्षा परत देता येते असं ऐकलं, खरं आहे का?

---

दारव्ह्याची_लेक | गुरुवार, सकाळी ५:५५

हो, संगणकावर परीक्षा दिली असेल तर एकाच भागाची फेरपरीक्षा देता येते, पण पहिल्या परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत. तू ज्यांना गुण दाखवणार ते हा निकाल धरतात का, हे आधी त्यांच्या संकेतस्थळावर बघून मगच पैसे भर. बोलण्याचं ध्वनिमुद्रण झालेलं असतं, म्हणून फेरतपासणीही मागता येते, गुण वाढले तर ती फी परत मिळते. पण तू स्वतःच सांगतेस की पाच मिनिटं सावरता आलं नाही, तर त्यात पैसे घालू नको.

एनएमसी दोन परीक्षांचे गुण एकत्र धरते, १२ महिन्यांच्या आतल्या. अट ही की दोन्ही वेळा ऐकणं-वाचणं-बोलणं ६.५ च्या खाली आणि लेखन ६ च्या खाली जाऊ नये. तुझा पहिला निकाल त्यात बसतो. म्हणजे पुढच्या वेळी लेखन ६ आलं तरी बोलण्यात ७ आले की झालं. हे लक्षात ठेवून निर्धास्त जा.

---

पैनगंगाकाठची | सात आठवड्यांनी, शनिवार, संध्याकाळी ७:१५

धागा वर काढतेय. पूर्ण परीक्षा परत दिली. ऐकणं ७, वाचन ७, लेखन ६, बोलणं ७.

लेखन घसरलं, पण ताईंनी सांगितल्याप्रमाणे दोन निकाल मिळून माझं जमलं. एनएमसीचा नियम स्वतः उघडून दोनदा वाचला.

कार्ड आलं, ज्यांनी तुम्हाला काही शिकवलं अशी व्यक्ती. मी एका मिनिटात लिहिलं: बाबा, सरकी, गोठा, रात्रीची लाईट. बोलताना सांगितलं की माझे बाबा सातवी शिकलेले, त्यांना इंग्रजी येत नाही, पण गेले दीड महिना ते रोज समोर बसून माझं इंग्रजी ऐकतात आणि मी थांबले की सरकीचा एक दाणा वाटीत टाकतात. शेतीपंपाची लाईट रात्री यायची तेव्हा ते ओलितावर जायचे, म्हणून आम्ही कधी रात्री आठला बसायचो, कधी पहाटे चारला. शेवटच्या आठवड्यात वाटीत तीन दाणे होते. परीक्षकांनी विचारलं, ते काय सांगायचे तुम्हाला? मी म्हटलं, एवढंच म्हणायचे, घाई करू नको, बी एकेक पडू दे.

हे इंग्रजीत सांगताना मी दोनदा अडखळले. मनात आलं, दोन दाणे. आणि पुढे बोलत राहिले.

---

कपाशीवाला | शनिवार, संध्याकाळी ७:४०

ताई, आजीले वाचून दाखोलं. डोये पुसून रायली.

---

गोंदियाची_पोरगी | शनिवार, रात्री ८:०५

ताई, अभिनंदन! माझी परीक्षा पुढच्या महिन्यात. माझ्यासोबत फोनवर बोलाल का? इथे ऐकायलाही कोणी नाही.

---

पैनगंगाकाठची | शनिवार, रात्री ८:३०

नक्की. मंगळवार आणि गुरुवारी माझी रात्रपाळी नसते. साडेनऊला बोलू. एक कार्ड तू काढ, एक मी. प्रश्न मी विचारीन, आडवेतिडवे. दाणे बाबा मोजतील. आणखी कोणाला यायचं असेल तर इथेच लिहा, म्हणजे ग्रुप कॉल करता येईल.

---

मास्तर_वणी | शनिवार, रात्री ८:५०

मी येतो. गुरुवारी नक्की. मंगळवारी आमच्याकडे त्याच वेळेला लाईट जाते, नेट राहिलं तर.